आमच्या पाण्याच्या पासोडीवर कोणाकोणाचे हात आहेत

तुमचा प्रश्न असा: "अंबाजोगाईकडं तुम्ही काही मित्र मिळून पाण्यावर एक लांबलचक कापडी पट करताय असं ऐकलं. त्यात कोण कोण कलाकार आहेत, ओळख करून द्याल का? आम्हालाही वसमतला असं काही करायचंय. माणसं कशी जमवावीत?"

ओळख करून देतो. नावं मात्र देत नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांना आपलं नाव मोबाइलवर फिरलेलं आवडत नाही आणि तसंही आमच्यात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही.

आधी पटाबद्दल थोडं. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी, म्हणजे जाड कापडाची चादर आहे, ती तुम्हाला ठाऊक असेलच. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' त्यांच्या नावावर आहे, आणि तेवढ्यावर न भागता त्यांनी सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' हे वेदान्तावरचं प्रकरण लिहून काढलं. आमच्या गुरुजींनी एकदा आम्हाला तिच्यासमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "बघा, कागद नव्हता म्हणून रडत बसला नाही हा माणूस." तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. आमचं कापड त्याहून आखूड आहे. खादी नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीची, तीच जिचं नाव राष्ट्रध्वजासाठी घेतात. विषय पाणी. दुसरा कुठला विषय घेतला असता तरी इकडच्या गप्पा फिरून फिरून पाण्यावरच आल्या असत्या.

मी स्वतः कलाकार नाही. माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पहिली ओळख ज्यांची करून देणार आहे त्यांचा धंदा माझ्यासारख्या दुकानांनीच बुडवला.

ते म्हणजे पेंटरमामा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, लग्नाच्या कमानी आणि उन्हाळ्यात टँकर. तालुक्यातल्या किती टँकरवर 'पिण्याचे पाणी' हे त्यांच्या ब्रशनं लिहिलंय याचा हिशोब त्यांच्याकडंही नाही. फ्लेक्स आल्यावर कापडी बॅनर संपले, मग भिंती संपल्या. काही वर्षं मामा माझ्या दुकानापुढून जाताना मान रस्त्याच्या पलीकडं वळवायचे. मग एका पावसाळ्याच्या तोंडावर आले. काम नव्हतं, कडब्याच्या गंजीवर टाकायला जुने फ्लेक्स पाहिजे होते. मी बंडल काढून देईपर्यंत भिंतीवर लटकवलेल्या नव्या फ्लेक्सकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हा क्ष कामून असा लंगडा केलाय रे?" मी म्हटलं, फाँट आहे मामा, तो असाच येतो. म्हणाले, "येतो म्हंजी? हात हाय का नाही तुला?" त्या दिवशी चहा झाला. पुढं त्यांची संध्याकाळ माझ्या दुकानात जायला लागली.

मामांचं एकच तत्त्व: अक्षर चालत्या एसटीतून वाचता आलं पाहिजे. ते कापड ताणून दोन टोकांना खिळे मारतात, दोरीला निळीची पूड चोळतात, दोरी ताणून मधोमध चिमटीत धरून सोडतात. फट्‌कन एक सरळ निळी रेघ उमटते. तशीच खाली दुसरी. मग चपटा ब्रश घेऊन त्या दोन रेघांत असं लिहितात, की मध्ये श्वास घेताना दिसत नाहीत. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. पटावर त्यांच्याकडं टँकरचा भाग आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या वाघिणींपासून, म्हणजे रेल्वेच्या डब्यांपासून, ते गल्लीत आलेल्या टँकरच्या नळीपर्यंत. माणसं त्यांनी काढलीच नाहीत. नुसत्या घागरी, त्याही रांगेत, आणि प्रत्येक घागरीवर मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर, जसं खरोखर टाकलेलं असतं.

त्यांच्या अगदी उलट माणूस म्हणजे गुरुजी. शाळेतनं निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. मोडी वाचतात, बोरूनं लिहितात. बोरूचं टोक स्वतः चाकूनं तिरकं छाटतात, काजळ आणि बाभळीचा डिंक खलून शाई करतात. गुरुजींच्या भागात गावोगावच्या विहिरींची नावं आहेत. कुठली अजून जिवंत आहे, कुठली बुजवली, कुठलीवर आता समाजमंदिर उभं आहे. हे सगळं त्यांनी जुन्या पोथीसारखं सलग लिहायचं ठरवलं, म्हणजे दोन शब्दांत जागा न सोडता.

इथं ठिणगी पडली. मामा तो मजकूर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, "देवळामागचीविहीरआटलीचावडीचीविहीर..." आणि थांबले. "गुरुजी, आटली कोणती? देवळामागची का चावडीची?"

"वाचा की परत. घाई काय आहे?"

"लोकाला घाई असती ना."

"ज्याला घाई आहे त्यानं तुमचा टँकर बघावा, पेंटर. हे बसून वाचायचं आहे."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडण मिटेना. काही दिवस दोघं माझ्या दुकानात वेगवेगळ्या वेळी यायचे. शेवटी तोडगा निघाला तो असा की कोणी काही बदलायचं नाही, फक्त दोघांचे भाग शेजारी शेजारी ठेवायचे. आता पट उलगडला की लांबून 'पिण्याचे पाणी' दिसतं आणि जवळ गेलं की गुरुजींच्या मुंगीएवढ्या ओळी. माझ्या मते सगळ्या पटात तीच जागा सगळ्यात चांगली झालीय. दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं तर मात्र दोघंही सांगतील की शेजाऱ्यामुळं आपलं काम झाकोळलं.

तिसरा निळू. जालन्याचा, लग्नाचे फोटो काढणारा. जालना सोने का पालना म्हणतात, पण फोटोग्राफरला पाळणा हलवायला लग्नसराईच लागते. ती संपली की हा मोकळा. त्याला निळू म्हणतो कारण त्याची बोटं कायम निळी असतात. सायनोटाइप नावाची जुनी पद्धत आहे, १८४२ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधलेली. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात कालवून कापडाला अंधाऱ्या खोलीत लावायचे, वाळवायचे, वर वस्तू किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलेली जागा निळी होते, झाकलेली पांढरी राहते. मग नुसत्या पाण्यात धुवायचं, झालं. कॅमेरा लागत नाही, वीज लागत नाही. आणि ऊन? ते आपल्याकडं फुकट आहे. मे महिन्यात काही मिनिटांत छाप तयार.

निळूनं पोहरा आणि सोल, म्हणजे विहिरीचा दोर, कापडावर ठेवून त्यांची सावली घेतली. वालूरच्या बारवेचा फोटोही घेतला. परभणी जिल्ह्यातली ती गोल गोल फिरत खाली उतरणारी बारव तुम्ही पाहिली नसेल तर वसमतहून फार लांब नाही, जाऊन या. त्याची निगेटिव्ह मी माझ्या मशिनवर पारदर्शक फिल्मवर छापून दिली. पटावर माझा हात लागला तो एवढाच.

पण गंमत बघा. धुवायला पाणी लागतं, भरपूर लागतं, आणि तेही गोडं. बोअरचं जड, क्षाराचं पाणी वापरलं की निळा रंग फिका पडतो. धुण्याचा सोडा किंवा साबण लागला तर उडूनच जातो. म्हणून निळूनं पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलं आणि ते पुरेना तेव्हा बोअरच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाकलं. त्यानं रंग धरतो. पाण्याच्या दुष्काळाचं चित्र काढायला ड्रमभर पाणी ओतताना बघून गुरुजी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

आता याडी. याडी म्हणजे गोरमाटीत, बंजारा बोलीत, आई. धारूरच्या डोंगरातल्या तांड्यावरची बाई, मुलगा माझ्याकडं मुकादमाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आला तेव्हा सोबत आलेली. अंगावर कांचळी आणि फेटिया, म्हणजे चोळी आणि घागरा, आरसे आणि कवड्या लावलेला. तांड्यावरच्या तरण्या बायका आता साड्या नेसतात, हिच्या वयाच्या अजून जुना वेश सोडत नाहीत. गुरुजी दुकानात बसले होते. त्यांनी त्या भरतकामाकडं असं निरखून पाहिलं की याडी म्हणाली, "मास्तर, घ्यायचंय का शिवायचंय?" ओळख अशी झाली.

याडीला कोणी कलाकार म्हटलं तर ती हसते. तिच्याकडं नकाशा नसतो. सुई कापडात घातली की पहिल्या टाक्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, दोरे मोजून चौकट भरत जाते, आणि आकृती चारही बाजूंनी सारखी येते. तिनं पटावर पाण्याची वाट भरलीय. तांड्यापासून झऱ्यापर्यंतची, डोक्यावर घागर घेऊन जायची. सरळ रेघ नाही. मध्ये मध्ये चौकोन आहेत. ती थांबायची ठिकाणं, कारण घागर उतरवायला कोणीतरी भेटावं लागतं.

तिनं पहिल्याच दिवशी कापड चिमटीत धरून सांगितलं, "हे टिकायचं नाही." बंजारा भरतकाम जाड कापडावर, थर लावून होतं. एकेरी खादीवर आरसे आणि कवड्या लटकल्या की त्यांच्या वजनानं कापड फाटणार. म्हणून तिच्या भागाखाली मांजरपाटाचं अस्तर लावलं. तिच्या या एका वाक्यामुळं आम्ही सगळ्यांनीच मग विचार केला की पट गुंडाळल्यावर कोणाचं काय होईल. मामांचा नेहमीचा ऑइलपेंट गुंडाळला की तडकतो, म्हणून त्यांना कापडावरच्या ॲक्रिलिक रंगावर आणलं. अजून कुरकुरतात, चकाकी नाही म्हणून.

आणि याडीचं वेळापत्रक हेच आमचं वेळापत्रक. दिवाळीच्या आसपास मुलगा आणि सून कोयत्याची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, नातवंडं सांभाळायला ही सोबत. कारखान्याच्या शेजारी कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत. ती परत येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. आम्ही एकदा म्हणालो, सोबत घेऊन जा कापड, तिकडं भरशील. म्हणाली, "कोपीत चूल, लेकरं, धूर. तुमचं पांढरं कापड कुठं ठेवू, डोक्यावर?" विषय संपला. तुमच्या गटात ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारं कोणी असेल तर आधी त्यांची तारीख विचारा, मग बाकीच्यांची.

चाचा छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू विणणारे. हिमरू हे नक्षीदार कापड, त्याचा ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) रेशमी. शहरात हातमागावर खरं हिमरू काढणारी घरं थोडी उरलीत आणि बाजारात हिमरू म्हणून खपणारं बरंचसं मशिनचं असतं. विणकराला तयार कापडावर काही करता येत नाही, त्यामुळं चाचांना पटात घ्यायचं कसं हा प्रश्न होता. त्यांनीच सोडवला, वर-खाली दोन काठ विणून देतो म्हणाले. मी उत्साहानं सुचवलं की शहराला पाणी आणणारी मलिक अंबरची नहर आहे ना, तिच्या लाटा काठावर विणा. चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "पानी का डिझाइन नक्को. पानी रहे तो अनार रहता. अनार देता मैं." आणि डाळिंबंच दिली, हिमरूत पिढ्यान्‌पिढ्या येतात तशी.

काठ आले तेव्हा कळलं की हिमरूच्या पाठीमागं बाण्याचे सुटे धागे लोंबतात. पट गुंडाळताना याडीच्या कवड्या नेमक्या त्यात अडकायच्या. काठांना मागून अस्तर लावलं, पट चित्राची बाजू बाहेर ठेवून पीव्हीसीच्या जाड पाइपवर गुंडाळायला लागलो आणि प्रत्येक फेऱ्यात जुनं धुतलेलं धोतर घालायला लागलो. चाचा आणि याडी एकमेकांना अजून भेटलेले नाहीत, पण दोघं एकमेकांची चौकशी करतात ती तक्रारीच्या सुरात.

राहिले आप्पा, परभणीकडचे गोंधळी. संबळ आणि तुणतुणं. आप्पांचा पटावर एकही टाका किंवा रेघ नाही, तरी पटाचा क्रम त्यांनी ठरवलाय. आम्ही भाग कसेही मांडले होते, ज्याचं काम आधी झालं त्याचा आधी. आप्पांनी पट उलगडायला लावला, शेजारून चालत गेले आणि म्हणाले, "ह्यात बोलावणं कुठं आहे?" गोंधळात आधी एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावतात, मग आख्यान लागतं. तर आधी विहिरींना नावानं बोलवा, म्हणजे गुरुजींचा भाग पुढं. त्याला खेटून टँकर. मग याडीची वाट, शेवटी निळूची बारव. आणि प्रत्येक दोन भागांत हातभर कोरं कापड, कारण पट दाखवताना ते त्यापुढं गातात, आणि तेवढ्यात त्यांना दम घ्यायचा असतो आणि दिवटी, म्हणजे तेलाची मशाल, पुढं न्यायची असते. दिवटीचं तेल कापडावर उडेल म्हणून मी घाबरलो होतो. आता ती चार हात लांब धरतात.

एक जण सोडूनही गेला. शहरातून चित्रकलेची पदवी घेतलेला, हात फार चांगला. त्याला आधी सगळ्यांकडून कन्सेप्ट नोट लिहून हवी होती. मामांनी विचारलं ती कशाची करतात. पुढं तो आला नाही. राग नाही, दिवाळीला फोन असतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणसं कशी जमवावीत. 'कलाकार पाहिजेत' म्हणून शोधायला निघालात तर तुम्हाला प्रमाणपत्रं भेटतील. ज्याच्या हाताला एखाद्या कामाची इतकी सवय आहे की तो ते वेगळ्या पद्धतीनं करायला सरळ नाही म्हणतो, अशी माणसं बघा. आमच्याकडं प्रत्येकानं कधी ना कधी नाही म्हटलंय, आणि पटाचा आकार त्या नकारांनीच ठरलाय. हो-हो म्हणणारे चार जण घेतले असते तर काम लवकर झालं असतं, पण ते मग माझं फ्लेक्सच झालं असतं, कापडावर छापलेलं.

कामाचा क्रम मात्र आधीच ठरवून घ्या. आमचा असा बसला: निळूचे तुकडे आधी, कारण त्यांना खळ काढलेलं कोरं कापड लागतं आणि नंतर धुणं. ते वाळून शिवले की मग गुरुजींच्या भागाला पातळ खळ, नाहीतर शाई फुटते. मग मामांचा रंग. तो पक्का वाळला की याडीची सुई. काठ सगळ्यात शेवटी. आणि याच्यानंतर पट पाण्यात घालायचा नाही, कधीच नाही. धूळ मऊ ब्रशनं झटकायची.

पैशाचं उघड बोला, पहिल्याच बैठकीत. आम्ही सगळ्यांना सारखं दिलं नाही. हातावर पोट असणाऱ्यांना, म्हणजे मामा, याडी आणि चाचांना, त्यांच्या कामाच्या दरानं रोज दिला. निळूला सामानाचा खर्च. आप्पांना प्रत्येक कार्यक्रमाची बिदागी. गुरुजींना पेन्शन आहे आणि मला दुकान, आम्ही घेतलं नाही. 'सगळे मित्रच आहेत, पैशाचं काय' असं म्हणणारा माणूस साधारणपणे तोच असतो ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होतो. आमच्या कापडाचा, अस्तराचा आणि रोजाचा खर्च गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उचलला, त्यात सरकारी काही नाही.

नावांचा प्रश्नही येईलच. आमच्या पटाच्या शेवटी नावं आहेत. कापडाला ज्या क्रमानं हात लागला त्या क्रमानं, मामांच्याच अक्षरात. याडीला लिहिता येत नाही. तिनं आपल्या नावाऐवजी एक कवडी लावलीय आणि ती कोणाची आहे हे तिला बरोबर ओळखू येतं.

बघायला यायचं असेल तर उन्हाळ्यात या, तेव्हा याडी तांड्यावर असते. आप्पांना मात्र लग्नसराईत गोंधळाच्या सुपाऱ्या असतात, त्यामुळं आधी कळवा. आणि वसमतला तुमचं कापड सुरू झालं की सांगा. निळूला जालन्याबाहेर पडायला निमित्तच पाहिजे असतं, येताना ड्रम तुम्ही भरून ठेवा.